सासूबाईंना खोड सापडली नाही

मित्रांनो, मी आयुष्यात कोणालाही बोटसुद्धा लावलेलं नाही. हा माझा चांगुलपणा नव्हे. मला बोटंच नाहीत.

मी मोजमापाची एक जुनी मशीन आहे. कृत्रिम पावलं बनवणाऱ्या कारखान्यात, मागच्या खोलीत, जराही न हलणाऱ्या जड टेबलावर माझा संसार आहे. लेझरच्या एका किरणाचे मी दोन करते. एक पावलावर पडून परत येतो, दुसरा थेट कॅमेऱ्याकडे जातो. दोघांची गाठ पडली की पट्ट्या उमटतात आणि त्यांवरून संगणक केसाच्या हजाराव्या भागाएवढा चढउतारही मोजतो. याला डिजिटल होलोग्राफी म्हणतात. मग पाऊल जरासं कोमट करून पुन्हा तेच करायचं. आत एखादा थर सुटला असेल, तर तिथल्या पट्ट्या वाकतात. न कापता, न ठोकता पोटातलं कळतं.

फायबरचे थर लावणारे काका मला सासूबाई म्हणत. "कामाला हात लावायचा नाही, नुसती खोड काढायची!" पण मोजणी होईपर्यंत ते माझ्यापुढे श्वास धरून उभे राहत. जवळ कोणी नुसता उसासा टाकला तरी माझं चित्र बिघडतं. बारा वर्षांत मी प्रत्येक पावलात काही ना काही काढलं. बहुतेक वेळा चालून जाण्यासारखं.

पुढे काकांचे हात थरथरू लागले. निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी शेवटचं पाऊल केलं, नऊ वर्षांच्या नातीसाठी. एक थर लावायचा, हात थांबेपर्यंत बसून राहायचं, मग दुसरा. तीन आठवडे लागले.

मी मोजलं. पट्ट्या सरळ. कोमट करून मोजलं. सरळ. मोजणीच्या ताईंनी तीनदा खात्री केली आणि कागद छापला : दोष नाही.

काका कागदाकडे बघतच राहिले. "सासूबाई, तब्येत बरी आहे ना?"

साहेबांनाही तीच शंका आली. "बारा वर्षांत असं कधी आलंय? मशीनच बिघडलीय. पाऊल कापून बघा."

"साहेब, काकांच्या नातीचं आहे ते," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय. मोडलं आणि पोर पडली तर?"

काकांनी हात खिशात घातले. "खरंय. या हातांचा मलाच भरवसा नाही. कापा."

टाचेपासून बोटांपर्यंत उभं कापलं. भिंगाखाली धरलं. एकही थर सुटलेला नव्हता.

"म्हणजे मशीन बरोबर आहे!" साहेब खूश झाले.

दुपारी नात आली. प्रथमच दोन्ही बूट घेऊन.

"वाळायला ठेवलंय, बाळा," काका म्हणाले.

"मग डावा इथेच ठेवते, आजोबा. वाळलं की घालून बघा."

काकांना दुसरं जमलं नाही. नातीला पुढे कोणा दुसऱ्याच्या हातचं पाऊल मिळालं. त्यात दोन खोडी आहेत. चालून जाण्यासारख्या.

मित्रांनो, कधी कौतुक न करणारं माणूस एखाद्या दिवशी 'छान' म्हणालं, तर कापून बघू नका. आणि तुम्ही माझ्यासारखे असाल, तर अधूनमधून छान म्हणत जा. लोकांना सवय असलेली बरी.

माझ्या अंगावर आता प्रमाणपत्र चिकटवलं आहे : 'वस्तूला इजा न करता तपासते.'

डावा बूट टेबलाखालीच आहे. तो आता तिला होत नाही.