बिनवासाचं क्रीम

“बाई, तुम्ही रडताय का?”

गिऱ्हाईक बाईने हे विचारलं आणि हातातली क्रीमची डबी अलगद काउंटरवर ठेवून दिली. आपण डबी उचलली म्हणूनच समोरचीला रडू फुटलं, असा तिचा चेहरा झाला होता.

“नाही हो, डोळे जरा चुरचुरतात, एवढंच,” क्रीमताई हसत म्हणाली. पण सुजलेल्या पापण्या, लाल कडा आणि पापणीवरून कोंड्यासारखी सुटणारी कातडी हसण्याने थोडीच झाकते? “बरं, मी मागून येते,” म्हणून बाई सटकली. दुकानात उभं राहून आयुष्य गेलेल्या आम्हा बायकांना या ‘मागून येते’चा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

माझं टॉवेल-चादरींचं काउंटर तिच्या बरोबर समोर. म्हणून मी टॉवेलबाई आणि ती क्रीमताई. वयाने ती माझ्याहून लहान, पण कुठल्या कातडीला काय चालेल यात तिचा शब्द शेवटचा, म्हणून मीसुद्धा तिला ताईच म्हणते.

आमचे मॅनेजरसाहेब खांबाआड उभे राहून सगळं बघत होते. खांबाआड उभं राहणं हे त्यांचं मुख्य काम. ते पुढे आले आणि चार लोकांत म्हणाले, “लाल डोळ्यांच्या बाईकडून क्रीम कोण घेणार? महिनाअखेरपर्यंत डोळे बरे करा. नाहीतर खाली गोदामात जा, तिथे माल लावायला माणूस हवंच आहे.”

मला त्यांचा असा राग आला! क्रीमताई गोदामातूनच वर आली होती. खिडकी नसलेल्या त्या तळघरात खोकी फोडण्यात तिची ऐन उमेद गेली. जेवणाच्या सुट्टीत डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून वाचून ती शिकली, आणि शेवटी तिला हे आरशाचं, दिव्यांचं काउंटर मिळालं. माणूस घर बांधतं, तसं तिने ते काउंटर उभं केलं होतं. आता तिला परत खाली जा म्हणत होते, तेही पापण्यांपायी.

मग उपायांना ऊत आला. तिची आई दुधाची साय घेऊन मागे लागली. नवऱ्याने मोठ्या हौसेने डोळ्यांखाली लावायचं महागडं क्रीम आणलं, त्याने डोळे आणखी सुजले आणि बिचारा घरात तोंड लपवून फिरू लागला. मीही गप्प बसले नाही. माझ्या काउंटरचा सगळ्यात मऊ टॉवेल गार पाण्यात भिजवून तिच्या डोळ्यांवर ठेवला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शेवटी मीच तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पापण्या नीट तपासल्या, बोटांनी ताणून पाहिल्या.

“चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं बंद,” त्या म्हणाल्या. “साय बंद, काजळ बंद, क्रीम बंद. पापणीची कातडी फार पातळ असते, तिला काही सोसत नाही. हे मलम मी सांगते तेवढेच दिवस लावा आणि पुन्हा या.”

क्रीमताईने सगळं बंद केलं. घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत भरून आईच्या खाटेखाली ढकलल्या. कोऱ्या चेहऱ्याने ती कामावर यायला लागली. मलमाने थोडा उतार पडला, पण मलम संपलं आणि पापण्या पुन्हा लाल. निम्मा महिना सरला होता. मॅनेजर खांबाआडून घड्याळ बघितल्यासारखे तिच्याकडे बघायचे.

“मी हात टेकले गं,” ती म्हणाली. “माझ्या नशिबी तळघरच आहे.”

“नशीब-बिशीब काही नाही,” मी खेकसले.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मी चादरींच्या घड्या घालत तिच्याकडे बघत बसले होते. एक गिऱ्हाईक आलं. क्रीमताईने डबी उघडली, बोटावर क्रीम घेतलं, स्वतःच्या मनगटाजवळ चोळलं, हात नाकाशी नेऊन डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, “बघा, काय सुरेख!” मग गिऱ्हाइकाच्या हातावर चोळलं. आमच्याकडे क्रीम असंच विकतात. आधी वास, मग बाकीचं. गिऱ्हाईक गेलं आणि ताईने त्याच बोटांनी डोळा चोळला. लगेच दुसरी आली. दुसरी डबी, दुसरा वास, पुन्हा नाकाशी हात, पुन्हा डोळ्याला बोटं. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. बघत होते म्हणजे काय, डोळे उघडे होते एवढंच.

“अगं ए!” मी टॉवेल टाकून ओरडले. “तू सगळं बंद केलंस ना?”

“केलं की!”

“मग हे दिवसभर हाताला काय फासतेस?”

“ते मी लावत नाही काही,” ती म्हणाली, “ते गिऱ्हाइकांसाठी असतं. ते दुकानाचं!”

बोलून झालं आणि तिलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. आम्ही दोघी इतक्या हसलो की खांबाआडून मॅनेजर बाहेर आले.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईही हसल्या. क्रीमताईने काउंटरवरच्या सगळ्या डब्या त्यांच्यापुढे मांडल्या होत्या. “वासाची द्रव्यं सोसत नाहीत तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने लावू द्या. तुम्ही हात धुवा आणि डोळ्यांपासून लांब ठेवा. कातडी शांत झाली की ओलावा धरणारं एखादं साधं, बिनवासाचं क्रीम शोधा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा. काही झालं नाही तरच चेहऱ्यावर, आणि डोळ्याच्या आत जाऊ द्यायचं नाही.”

पापण्यांची सूज उतरली, पण कातडी वाळून ताणली जायची, हसलं तरी ओढ बसायची. शोध सुरू झाला आणि इथे तिचं नाकच आडवं आलं. चांगलं क्रीम म्हणजे सुवासिक, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. ‘मंद सुगंध’ घेतलं, कोपर लाल. ‘फुलांच्या अर्काचं’ घेतलं, कोपर लाल. ‘तान्ह्या बाळांसाठी’ लिहिलेलं घेतलं, त्यालाही वास होताच, आणि कोपराला अशी खाज सुटली की विचारू नका.

“आता दुकानात उरलं काय?” मी विचारलं.

ती खाली बसली. शोभेच्या बाटल्या उंच दिसाव्यात म्हणून तळाच्या फळीवर काही खोकी पाटासारखी मांडली होती. त्यातलं एक तिने ओढून काढलं. आत पांढरी ट्यूब, वर ना फूल, ना बाईचं चित्र. तिने झाकण उघडून हुंगलं आणि नाक मुरडलं. “शी! कसलाच वास नाही.”

“मग तेच लाव!”

तिने कोपराच्या आत लावलं. दुसऱ्या दिवशी बाही वर करून माझ्याकडे धावत आली. काहीच झालं नव्हतं. त्यानंतरही रोज बघितलं, काहीच नाही. मग डोळ्यांभोवतीच्या हाडावर बोटाने अगदी पातळ थर लावला. आग नाही, खाज नाही. काहीच झालं नाही म्हणून कुणी माणूस टॉवेलांच्या ढिगाला मिठी मारून नाचलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेब तिच्या काउंटरशी आले. काय बोलायचं ते ठरवूनच आले असावेत. तेवढ्यात काळा चष्मा लावलेली एक उंच बाई तिथे थबकली.

“मला काही फवारू नका, काही चोळू नका,” ती आधीच चिडून म्हणाली. “मला काही सोसत नाही.” मग ती क्रीमताईच्या चेहऱ्याजवळ वाकली. “पण तुम्ही स्वतः काय लावता हो? कातडी किती शांत आहे तुमची.”

मॅनेजरांचं तोंड उघडंच राहिलं. मला माझ्या काउंटरमागे रडू आलं, खोटं कशाला बोलू.

क्रीमताईने आरशावरचा दिवा वळवून स्वतःच्या तोंडावर घेतला. “बघा, अगदी जवळून बघा,” ती म्हणाली, आणि पांढरी ट्यूब पुढे ठेवली. “याला वास नाही. आधी कोपराच्या आत लावा, थोडे दिवस जाऊ द्या. लाल झालं तर परत आणा, मी घेईन. आणि डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल, तर हे घेऊ नका, आधी डॉक्टरकडे जा.”

“घेऊ नका काय म्हणता?” मॅनेजर पुटपुटले. पण बाईने चष्मा काढला होता. तिच्या पापण्या तशाच लाल होत्या. तिने दोन ट्यूब घेतल्या आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघी पुढे सरकल्या.

“साहेब,” क्रीमताई मान न वळवता म्हणाली, “गोदामात याची पेटी आहे, जिन्याखालच्या कोपऱ्यात. कुणाला तरी पाठवा.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणीच नव्हतं. ते स्वतः गेले. आले तेव्हा पेटी खांद्यावर होती, धाप लागली होती आणि सदऱ्याला धूळ होती.

“तिथे ठेवा,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला आरशासमोर बसवलं.