रेघेवरची कमान

धाकटी सून वायरिंगचे नकाशे काढण्यात वाकबगार होती. ऑफिसात नवं कोणी आलं की पहिल्याच दिवशी दम भरायची, "दोन रेघा नुसत्या एकमेकींना ओलांडत असतील तर एकीला कमान द्या. नाहीतर समोरचा त्या जोडलेल्या समजेल आणि काहीतरी जाळून बसेल." सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट असते. तिच्यात खूण केली की एक रेघ दुसरीवरून टुणकन उडी मारते.

पण सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी घराण्याचा तक्ता काढताना तिने तीच खूण काढून टाकली. कमानी तिला फार वायरिंगसारख्या दिसल्या. घरच्या माणसांच्या रेघा कशा, सरळ आणि देखण्या हव्यात. शहाणपण ऑफिसात ठेवून घरी यायचं, ही तिची जुनी खोड.

तक्ता भिंतभर मोठा छापून आला. मधोमध थोरले दीर आणि जाऊ. त्यांना मूलबाळ नाही; खाली ओकंबोकं दिसू नये म्हणून धाकटीने त्यांच्यापासून एक रेघ खाली घराच्या फोटोपर्यंत नेली होती. उजवीकडे ती स्वतः आणि नवरा. त्यांच्या मुलीच्या चौकटीला तिथे जागा उरली नाही, म्हणून ती डावीकडे गेली, आणि तिची रेघ थोरल्यांच्या रेघेला छेदून गेली.

पाहुणे जमले. चुलत सासऱ्यांच्या जिभेला हाड नाही. चष्मा सावरत ते म्हणाले, "थोरल्या सूनबाई, तुम्हाला मुलगी झाली आणि आमचं तोंडही गोड केलं नाहीत?"

सगळे हसले. जाऊही हसली, आणि रेघेवर बोट ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कामावर जायचो तेव्हा जिने आपली पोर तळहाताच्या फोडासारखी जपली, तिचंच उणं आपण भिंतीवर टांगून चारचौघांना दाखवलं.

ती आतल्या खोलीत पळाली. लॅपटॉप उघडून खूण केली, तेवढाच तुकडा घरच्या प्रिंटरवर छापला. कात्रीने तो कापत असताना जाऊ दारात आली.

"काय करतेस गं?"

"ताई, माफ करा. चूक माझी. आमची रेघ तुमच्या रेघेला जोडायची नव्हतीच, नुसती वरून जायची होती. हे बघा, आता कमान दिलीय. आता कोणाचा गैरसमज व्हायचा नाही."

जाऊने तुकडा हातात घेतला आणि कमानीवरून बोट फिरवलं.

"चूक होती होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मुद्दाम जोडलीस."

धाकटीची हो म्हणायची वेळ निघून गेली होती. आत्ताच तिने सगळं इतकं नीट समजावून सांगितलं होतं.

"दे तो गोंद इकडे. मी लावते. तुझा हात पोचायचा नाही तिथपर्यंत."

धाकटीने गोंद दिला. जाऊला थांबवायला हवं होतं, पण ती शरमेने दाराआडून नुसती बघत राहिली. जाऊने तुकडा रेघांवर बरोबर बसवला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. तेवढ्यात मुलगी धावत आली, आईला ओलांडून थेट जाऊपाशी गेली.

"मोठी आई, माझी वेणी सुटली."

"आले हं," जाऊ म्हणाली, आणि बोटांचा गोंद पुसायला लागली.