येऊ द्या

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर भाड्याच्या गाड्या जिथं लागतात, तिथं सकाळी दहापर्यंत गिऱ्हाईक कमी आणि तोंडाची वाफच जास्त असते. पूर्वी तिथं ॲव्हरेजवर बोलणं चालायचं. आता सगळ्यांनीच एकामागून एक नव्या मॉडेलच्या बारक्या गाड्या घेतल्यात, त्यामुळं कुणाच्या गाडीत काय काय आलंय यावर वाद होतात. ज्याच्या गाडीत जे नाही, ते बिनकामाचं, असा साधा हिशेब.

त्या दिवशी वाद मारुतरावांनी काढला. पस्तीस वर्षं स्टिअरिंग हातात, त्यामुळं त्यांना सगळे आप्पा म्हणायचे.

"ती सीटबेल्टची बोंब कुणी काढली रं?" आप्पा म्हणाले. "काल बाजारातनं मेथीची पिशवी पुढच्या सीटवर ठिवली. न्हावऱ्यापर्यंत गाडी नुसती टींटींटीं. शेवटी मेथीला बेल्ट लावला. तवा गप बसली."

सगळे हसले. भिमा त्यांच्यातला तरुण, लग्नाळू, आणि गाडीतलं एकूण एक बटण पाठ असलेला. तो म्हणाला, "आप्पा, न्हावऱ्याचं नाव काढू नका. काल मी गाडीला म्हणलं, न्हावरा. तिनं ऐकलं नवरा. स्क्रीनवर धा वधुवर सूचक मंडळं काढली आन् म्हणती, कुठल्या शाखेत जायचं?"

"मग जायचं की! तुझंच काम व्हतं," आप्पा म्हणाले.

साहेबरावही हसला, पण इतरांपेक्षा जरा लवकर थांबला. बावन्न वर्षांचा हा माणूस तसा हसरा. पण गेले चार महिने त्याचं घरात लक्ष नव्हतं आणि स्टँडवरही नव्हतं. त्याची बायको ताईबाई दौंडला, लेकीकडं होती. गौतमीचं हे दुसरं बाळंतपण, सासरीच झालेलं. आई सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली, त्याला आता चार महिने होत आले. फोन केला की "येते की" म्हणायची आणि बाळाच्या शी-शूच्या गोष्टी सांगायची. कधी येते, हे साहेबरावानं एकदाही धड विचारलं नव्हतं. विचारायची त्याला भीती वाटत होती.

"खरी चीज एकच," भिमा बोनटवर थाप मारून म्हणाला. "मागचा कॅमेरा. बाकी सगळं ऱ्हाऊ द्या. क्लीनर नको, कुणी नको. काय साहेबदादा?"

साहेबरावानं मान हलवली.

"कॅमेरा दाखवतो," आप्पा म्हणाले. "माणूस बोलावतो. फरक हाय त्यात." मग त्यांनी साहेबरावाकडं वळून सहज विचारलं, "वहिनी कवा येणार?"

या साध्या प्रश्नावर साहेबराव फडकं घेऊन गाडीची कोरडीच काच पुसायला लागला. कारण ताईबाई दौंडला राहिली होती ती बाळासाठी नव्हे, कॅमेऱ्यामुळं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही बोलत नव्हती.

त्याचं असं झालं. साहेबरावाचं घर शिरूरमध्येच, घोडनदीच्या जुन्या वस्तीत, बोळाच्या टोकाला. गाडी आत न्यायची तर उलटीच न्यावी लागते. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला लोकांचे ओटे. पहिली जुनी गाडी घेतली तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ताईबाई हॉर्न ऐकला की हातातलं टाकून बाहेर यायची. पदर खोचायची आणि गाडीमागं उभी राहायची. ट्रकवरचे क्लीनर "आन दो, आन दो" म्हणून ओरडतात. ती म्हणायची, "येऊ द्या." जागा भरपूर असली की लांबवून, "येऊऊ द्या." गटार जवळ आली की तुटक, "येद्या, येद्या." आणि मग "बास!" आणि डिकीवर तळहाताची थाप. साहेबराव आरशात बघायचाच नाही. त्या आवाजाच्या लांबीवर गाडी घ्यायचा. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. लग्नाकार्याला, बाजाराला, कुठंही गेले तरी ती आधी उतरणार, मग गाडी लागणार.

नवी गाडी आणली त्या दिवशी अख्खा बोळ बघायला जमलेला. ताईबाईनं गाडीला हार घातला आणि सवयीनं पदर खोचून मागं जाऊन उभी राहिली. साहेबरावाला तेव्हा शिंगं फुटली होती. चारचौघांसमोर स्क्रीन दाखवायची हौस. त्यानं खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं म्हटलं, "अगं, व्हय बाजूला! आता तुझी गरज न्हाई. गाडीला मागनं डोळं हायत!"

बोळ हसला. ताईबाईपण हसली आणि बाजूला झाली. गाडी टींटीं करत बरोबर जागेवर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर ती कधी उतरली नाही. गाडी लावताना शेजारी बसून समोर बघत राहायची. पुढं पुढं "तुम्हीच जाऊन या" म्हणायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. साहेबरावाला भांडण मिटवता येत होतं. ती रागावलीच नव्हती. एखादं भांडं नव्या घरात लागत नाही म्हणून माळ्यावर ठेवतात, तशी ती स्वतःच जाऊन वर बसली होती. आणि रोज संध्याकाळी बोळात गाडी उलटी घेताना, ती टींटीं ऐकताना, साहेबरावाला तिच्या आवाजाची इतकी आठवण यायची की गाडी लागल्यावरही तो आतच बसून राहायचा.

अकरा वाजता त्याला दौंड स्टेशनचं भाडं लागलं. न्हावरा, चौफुला, पाटस करत त्यानं सवारीला स्टेशनवर सोडलं आणि गाडी लेकीच्या घराकडं वळवली. गौतमीची गल्लीही तसलीच, पुढं बंद. आत जायला सरळ, निघायला उलटं.

"जय भीम, पप्पा! फोन तरी करायचा," गौतमी म्हणाली. तिनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं, भाकरी आणि शेवग्याची आमटी वाढली. ताईबाई समोर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. जरा वाळली होती. जावई ड्युटीवर होता. साहेबराव पावसाचं बोलला, स्टँडचं बोलला, आप्पांच्या मेथीचं सांगितलं. ताईबाई खळखळून हसली. ते हसणं बघून त्याला धीर आला.

"कवा येतीस?" त्यानं विचारलं.

ताईबाईनं हातातलं दुपटं आणखी एकदा दुमडलं. "तिकडं काय काम हाय माझं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. बस किती वाजता आहे, असं विचारावं तितकं साधं. "हितं बाळाला लागते मी."

स्वयंपाक आहे, घर आहे, असलं काहीतरी साहेबरावाच्या तोंडात आलं. पण ते तिला हवं ते नव्हतं, एवढं त्याला कळत होतं. तो हात धुऊन उठला.

ती दारापर्यंत आली. गल्लीत कुणाची तरी बाईक तिरकी लागली होती आणि कडेला गटारीवरची फरशी निघालेली. साहेबरावानं गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला. स्क्रीन उजळली. आणि बाईक, फरशी बघून ताईबाईचे पाय तिच्या नकळत गाडीमागं गेले. तिनं पदर खोचला.

"येऊऊ द्या."

इतक्या महिन्यांनी तो आवाज कानात आला आणि साहेबरावाचे डोळे भरले. पण या वेळी समोर स्क्रीन होती, आणि तिच्यात ती होती. बावीस वर्षांत त्यानं तिला हे करताना कधी पाहिलंच नव्हतं. ती एका हातानं साडी वर धरून, दुसऱ्या हातानं बोलावत, उलट्या पावलांनी मागं मागं चालत होती. उजवा गुडघा वाकत नव्हता. निघालेली फरशी तिनं न बघता, पायानं चाचपून ओलांडली. दर वेळी चाकाकडं बघायची आणि मग लगेच काचेतून त्याच्याकडं, त्याला ऐकू गेलं का म्हणून. इतकी वर्षं तो तिच्याच पायांवर गाडी नेत होता, आणि ती त्याच्याकडं बघत होती.

"येद्या, येद्या."

आणि ज्या आवाजासाठी तो झुरला, तोच आवाज त्याला आता गल्लीतून बाहेर घालवत होता. त्यानं गाडी मुद्दाम इंच इंच घेतली. तरी गल्ली संपली. गाडी रस्त्यावर येऊन सरळ झाली.

"बास!" थाप पडली.

त्यानं पहिला गिअर टाकला. स्क्रीनवरून ती गेली, रेडिओ आला. साहेबरावानं क्षणभर त्या रेडिओकडं बघितलं आणि पुन्हा रिव्हर्स टाकला. ती तिथंच होती. गाडी जाण्याची वाट बघत.

"आता काय?" ती ओरडली. "रस्ता मोकळा हाय की. जावा!"

"दिसंना मला मागचं!" त्यानं खिडकीतून सांगितलं.

ताईबाई लंगडत खिडकीपाशी आली, वाकली, स्क्रीनमध्ये बघितलं. रस्ता, भाजीची गाडी, एक सायकल. "सगळं तर दिसतंय."

"तू न्हाईस त्यात."

मागून आलेल्या रिक्षानं हॉर्न दिला. कोपऱ्यावरचा किराणावाला मान वर करून बघायला लागला. साहेबरावाला वाटलं, त्या दिवशी जे बोललो ते लोकांपुढं बोललो होतो, मोठ्यानं. मग आज हळू का?

"चुकलो मी त्या दिवशी!" तो म्हणाला, तितक्याच मोठ्यानं. "मला तुझी गरज हाय. गाडीला नसंल. मला हाय."

"हळू बोला की. लोक बघत्यात." तिनं पदर तोंडाशी नेला. मग खिडकीच्या काठावरची धूळ बोटानं पुसत ती म्हणाली, "बुधवारी बाळाचा डोस हाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी या."

मागं रिक्षामागं टेम्पो येऊन उभा राहिला, त्याच्यामागं दुधाची गाडी. सगळे हॉर्न वाजवायला लागले. ताईबाई वळली, गाडीमागं गेली आणि एक हात वर करून सगळ्यांना थांबवून उभी राहिली.

स्क्रीनमध्ये आता तिची पाठ होती आणि तो वर केलेला हात. साहेबरावाला सरळ पुढं जायचं होतं. मागं बघायचं कारणच नव्हतं. पण तो हात खाली येईपर्यंत त्यानं गिअर बदलला नाही.