पाहुण्याचा पेला

ज्ञानदेव ओव्हाळला पाण्याचं भांडं बघायची खोड होती. कुणाच्याही घरी गेला की पाणी कशात आलं हे तो आधी बघायचा आणि मग देणाऱ्याचं तोंड. ही खोड त्याला वडिलांकडून मिळाली होती आणि वडिलांना गावाकडून. त्यांच्या लहानपणी पाणी एक तर वरून ओंजळीत पडायचं, नाहीतर गोठ्याच्या वळचणीला उपड्या ठेवलेल्या वेगळ्या कपात यायचं. धम्म स्वीकारून वीसेक वर्षं उलटली होती, ज्ञानदेव वैद्यकीय संख्याशास्त्र शिकून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागला होता, चिंचवडला दोन खोल्यांचं घर झालं होतं, तरी नजर काही सुधारली नव्हती. त्याची बायको कस्तुरा यावरून त्याची चेष्टा करायची. म्हणायची, "माणूस काय सांगतोय ते ऐका आधी, भांडी काय घासायला न्यायचीत का?" त्यावर तो हसायचा. दोघांचाच संसार होता. मूल नव्हतं, आणि त्याचं दोघांनाही फारसं काही वाटत नसे, याचं शेजारणींनाच जास्त नवल होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याला मनासारखं काम मिळालं. रावेतपासून चऱ्होलीपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यात जाणारी माणसं आणि आसपासच्या घरांतले लोक कोणत्या गोळ्या घेतात, कशासाठी घेतात आणि त्या त्यांना देतं कोण, हे घरोघर जाऊन विचारायचं होतं. त्याचे वडील कोंडीराम डबल शिफ्टला जागं राहायच्या गोळ्या घेत. एका सकाळी घरी येताना सायकलवरच त्यांचा डोळा लागला आणि मागून ट्रक आला. गोळ्या कारखान्याच्या फाटकावरच मिळत, हे अख्ख्या आळीला माहीत होतं, पण माहीत असणं आणि सिद्ध होणं यात किती अंतर असतं, हे संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. या पाहणीचा अहवाल टिकला तर फाटकावरचा तो धंदा बंद करायला सरकारला भाग पडलं असतं. अहवाल टिकणं एवढीच ज्ञानदेवची त्या वर्षाची इच्छा होती.

संस्थेचे प्रमुख अण्णासाहेब मोठे वाकबगार गृहस्थ. त्यांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. "लोक भिडेपोटी हो म्हणतात," ते म्हणाले. "म्हणून खऱ्या गोळ्यांच्या नावांत एक खोटं नाव घाल. जगात नसलेली गोळी. तिला जो हो म्हणेल, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल."

ज्ञानदेवने तिथल्या तिथे नाव सुचवलं, सेलोडीन. इतकं चटकन सुचलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग औषधांची सगळी पुस्तकं चाळून, दोन केमिस्टांना विचारून त्याने खात्री करून घेतली. अशी गोळी कुठेच नव्हती.

पहिला हो आला तो शालनबाईचा. पिंपरीच्या चाळीत राहणारी, नवरा कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये. बाई मोठी खमकी होती, भिडेला पडणारी मुळीच नव्हती. डोकेदुखीची गोळी, झोपेची गोळी, सगळ्याला तिने फाडकन नाही म्हटलं. सेलोडीन म्हटल्यावर मात्र सहज म्हणाली, "हो, घेते की. फिकट जांभळी असते ती. अर्धी मी घेते, अर्धी ह्यांना देते."

ज्ञानदेवची पेन्सिल थांबली. "कशासाठी घेता?"

"कशासाठी म्हणजे..." बाई दाराकडे बघू लागली. "काहीतरी व्हायचं खरं. आता नाही होत. म्हणजे गुण आला की."

गोळी दाखवा म्हटल्यावर तिने डबे हुडकले, फळी बघितली आणि संपली असेल म्हणाली. मग शिरस्त्याप्रमाणे पाणी आणलं. ज्ञानदेवने खोडीप्रमाणे पेला बघितला. छोटा स्टीलचा पेला, त्यावर दुकानात घालून देतात तसं नाव होतं: चि. सुलभा. घरात नवरा, बायको आणि दोन मुलगे, सुलभा कुणीच नव्हती.

"दुकानदाराची चूक असेल," शालनबाई म्हणाली. "घेताना अदलाबदल झाली असेल. असू दे, पाहुण्याला होतो."

तो हसून पाणी प्याला आणि त्याने पुढच्या घराची कडी वाजवली.

पण मग असे हो येतच राहिले. फार नाहीत, पण जे आले ते सगळे सारखेच. एरवी भिडेने हो म्हणणारा माणूस सगळ्यालाच हो म्हणतो, आणि ही माणसं बाकी सगळ्याला नाही म्हणून नेमकी या एकीलाच हो म्हणत होती. गोळी जांभळी होती, ती अर्धी अर्धी घेतली जात होती, आणि कशासाठी या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. ज्ञानदेवला वाटायला हवी होती काळजी, पण त्याला वाटत होतं कुतूहल, आणि ते इतकं की जेवताना घास हातात तसाच राहायचा. कुणी या नावाने काही विकत असेल का? एका घराने दुसऱ्याला सांगितलं असेल का? पण चाळीतल्या शालनबाईचा आणि नदीपलीकडच्या रावेतच्या शेतकऱ्याचा संबंध काय?

आणि अशा प्रत्येक घरात त्याला पाणी मिळायचं ते नाव घातलेल्या छोट्या पेल्यात. नाव नेहमी त्या घरात नसलेल्याचं.

याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला, आणि तो त्याला झोंबला. आडनाव ऐकून ही मंडळी वेगळं भांडं काढतात, घरातलं कुणी न वापरणारं. कप गेला आणि पेला आला, एवढाच काय तो फरक पडला. गोळीचं कोडं बाजूला राहिलं आणि तो आतून धुमसत राहिला.

चऱ्होलीला रतनबाईच्या ओसरीवर हा राग बाहेर पडला. रतनबाई आणि तिचा नवरा गेनू, दोघंही पन्नाशीचे. शेती होती, आणि गेनू भोसरीच्या एका कंपनीत हमाली करायचा. सेलोडीनला दोघांनीही हो म्हटलं. पाणी आलं. पेल्यावर चि. नामदेव.

"रतनबाई," ज्ञानदेव शांतपणे म्हणाला, "हा पेला आमच्यासारख्यांसाठी वेगळा ठेवलाय का?"

बाईचा चेहरा उतरला. ती आत गेली, भरलेला तांब्या घेऊन आली, त्याच्यासमोर तोंड लावून प्यायली आणि तोच तांब्या तिने त्याच्या हातात दिला.

"तसलं आमच्यात न्हाई, साहेब," ती म्हणाली. "ह्यो पेला कुणाचाच न्हाई म्हणून पाव्हन्याला. आमी न्हाई पीत त्यातनं."

"का?"

"काय की. हातात घ्येतला की मन लागत न्हाई." तिने गेनूकडे बघितलं. गेनू अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत होता. खालच्या फांदीला दोराचे दोन वळ पडले होते, झोका बांधल्यावर पडतात तसे.

"नामदेव कोण?" ज्ञानदेवने विचारलं.

"दुकानदाराची चूक असंल," गेनू म्हणाला.

ज्ञानदेवला आपल्या संशयाची लाज वाटली. पण एसटीत बसल्यावर त्या लाजेच्या खालून भलतंच काहीतरी वर आलं, आणि त्याने ते पुन्हा खाली दाबलं. संख्याशास्त्रज्ञाने कडुनिंबाच्या फांद्या मोजायच्या नसतात.

अण्णासाहेबांनी तक्ते बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बाहेर गेलं तर कारखानेवाले आपल्याला हसतील. नसलेली गोळी खाणारी माणसं म्हणे फाटकावरच्या गोळ्यांबद्दल खरं बोलतात! तो रकानाच काढून टाक. विचारलंच नव्हतं म्हण."

"हे खोटं होईल, अण्णासाहेब."

"मग ते हो का म्हणतात ते सांग. सोमवारपर्यंत सांग, नाहीतर काढ."

एक घर उरलं होतं. पाहणीसाठी घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, निघालेलं घर गाळायचं नाही असा त्याचाच दंडक होता, आणि त्यात त्याचं स्वतःचं घर निघालं होतं. हसण्यावारी नेत त्याने ते शेवटावर टाकलं होतं. आता त्याला वाटलं, हेच घर निकाल लावेल. कस्तुरा भिडेला पडत नाही आणि खोटं बोलत नाही. ती नाही म्हणाली की निदान एवढं सांगता येईल, की नेटकं विचारलं तर माणूस नेटकं उत्तर देतो.

रविवारी दुपारी तो बाहेर जाऊन, कडी वाजवून आत आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. "नमस्कार बाई. पाहणीसाठी आलोय. घरात माणसं किती?"

कस्तुराने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. "दोन, साहेब."

डोकेदुखीची? नाही. झोपेची? नाही. जागं राहायची? "ती तर आमच्या घरात नावालासुद्धा नको," ती गंभीर होऊन म्हणाली, आणि कोंडीरामांच्या आठवणीने तिने पदर सारखा केला. ज्ञानदेवला तिच्याबद्दल भरून आलं. त्याने हलक्या मनाने पुढचं नाव वाचलं.

"सेलोडीन?"

"हो," कस्तुरा म्हणाली.

"थट्टा नको, कस्तुरा."

"थट्टा कसली? अर्धी मी घेते. अर्धी तुम्हाला देते की." ती त्याच्याकडे नवलाने बघत होती. "जांभळी."

पुढचा प्रश्न विचारायचा सोडून त्याने पाणी मागितलं. ती आत गेली. आपल्याच घरात तो आज पाहुण्याच्या खुर्चीवर बसला होता, म्हणून असेल कदाचित, पण तिने रोजचं भांडं आणलं नाही.

पेला छोटा होता. नवाकोरा म्हणावा इतका लखलखीत. नाव वाचायला त्याला तो उजेडाकडे धरावा लागला. चि. सुजाता हिस, मामाकडून.

कस्तुरा वाट बघत होती, त्याला एखादी गोष्ट ठाऊक असावी आणि ती त्याने सांगावी, तशी.

"दुकानदाराची चूक असेल," ज्ञानदेव म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली.

त्याने पाणी संपवलं. एकदम हाताला काही काम दिल्याशिवाय त्याला राहवेना, म्हणून तो उठला, स्वयंपाकघरात गेला, पेला विसळला आणि ठेवून दिला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण वाकलो आहोत. घरातली सगळी भांडी वरच्या फळीवर होती, आणि त्याने पेला ठेवला होता माठाशेजारी, जमिनीलगतच्या पाटावर, जिथून उभ्या माणसाला तो नीट दिसलाही नसता.

"कुठं ठेवला?" बाहेरून कस्तुराने विचारलं.

"तिच्या हाताला येईल असा," तो म्हणाला.