वरचं हसवणारं, खालचं रडवणारं

आमच्या नातीचे, नीलिमाचे बारसे झाले ते साल १९९४. डिसेंबर महिना होता. बारशाच्या आठवडाभर आधी मुलाने, अनिलने, रंगीत टीव्ही आणला आणि गच्चीवरून केबलची तार घरात आली. तेव्हापासून घरात कोणाला हाक मारली की उत्तर यायला दोन मिनिटे लागू लागली.

एकतीस तारखेला रात्रीचे जेवण टीव्हीसमोरच झाले. सुजाताने पाकिटातल्या शेवया केल्या होत्या, त्या दोन मिनिटांत होतात म्हणे. मला त्या दोरखंडासारख्या लागल्या, पण सून बाळंतपणातून नुकती उठलेली, म्हणून मी खाल्ल्या.

"बाबा, नव्या सालात काय करायचं ठरवलंय?" अनिलने विचारले. "मी रोज इंदिरा पार्कला चालायला जाणार."

"पयले आठ वाजता उठा, मग पार्कची बात करा," सुजाता म्हणाली. "मी जेवताना सीरियल लावणार नाही. बाबा, तुमचं?"

मी म्हणालो, "एक पुस्तक वाचणार. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

अनिल ताटाकडे पाहू लागला. त्याला ठाऊक होते. आमच्यात त्यावर कधी बोलणे झालेले नव्हते.

मी छत्तीस वर्षे कोठी भागातल्या एका मराठी वाचनालयात नोकरी केली. सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून सभासदांच्या घरी पुस्तके पोचवायची आणि वाचून झालेली परत आणायची. बरकतपुरा, काचीगुडा, अफझलगंज, सगळी मराठी घरे मला पाठ. फक्त मला अक्षर येत नव्हते. आकडे येत होते. पुस्तकाच्या पाठीवर नंबर असे, रजिस्टरात नंबर असे, तेवढ्यावर काम भागत होते.

सभासद विचारत, "एकनाथराव, हे कसं आहे?" आधीच्या घराने पुस्तक परत करताना जे म्हटले असेल तेच मी पुढच्या घरी सांगत असे. "शेवट चांगला आहे." "मधे जरा लांबतं." "रात्री एकट्यानं वाचू नका." लोक म्हणत, एकनाथरावांसारखी निवड ग्रंथपालांनाही जमत नाही. मी ऐकून घेत असे.

नोकरी संपल्यावर सुजाताने एकदा हातात सामानाची यादी दिली. मी ती घेऊन उभाच राहिलो.  संध्याकाळी ती कोठीवरून बाराखडीचे पुस्तक घेऊन आली आणि भाजी निवडताना मला शेजारी बसवू लागली. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. जोडाक्षरांनी फार छळले. पण दीड वर्षात दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रातले मोठे मथळे यायला लागले.

पुस्तक कोणते वाचायचे ते माझे ठरलेले होते. घरोघरी टीव्ही आल्यावर सभासद गळत गेले, वाचनालय बंद पडले, तेव्हा जुनी पुस्तके वाटून टाकली. मी एकच मागून घेतले. ४१२ नंबरचे, तपकिरी पुठ्ठ्याचे. ते हसवणारे पुस्तक होते, आणि त्याची एक हकिगत होती.

१९७८ साली पावसाळ्यात बरकतपुऱ्याच्या कुसुमताईंचा मुलगा प्रशांत काविळीने गेला. अकरा वर्षांचा. एकुलता. तेरावा झाल्यावर पुढच्या फेरीला मी त्यांच्या घरी काय न्यावे या विचारात होतो. त्या दिवशी आधी अफझलगंजला त्रिवेणीबाई मास्तरणींकडे गेलो. त्यांनी दोन पुस्तके एकावर एक ठेवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वरचं हसवणारं, खालचं रडवणारं. बघून द्या एकनाथराव." दोन्हींना सारखाच तपकिरी पुठ्ठा होता. मी ती तशीच पिशवीत घातली आणि मनात म्हटले, वरचे कुसुमताईंना.

कोठीच्या वळणावर पेरूची हातगाडी आडवी आली. मी सायकलसकट पडलो.

"किताबां गिर गये तुम्हारे, भई," असे म्हणत गाडीवाल्याने पुस्तके गोळा केली, पुसली आणि पिशवीत भरून दिली. आता वरचे कोणते आणि खालचे कोणते? परत जाऊन मास्तरणींना विचारायचे, तर पुस्तकावर नाव छापलेले असताना विचारता कशाला, असे त्या म्हणाल्या असत्या. मी दोन्ही हातात धरून पाहिली. एकाचा पुठ्ठा थोडा अधिक मळलेला होता. हसवणारे पुस्तक जास्त हातांतून गेलेले असणार, असा मी विचार केला आणि तेच कुसुमताईंना दिले.

त्यांनी ते तीन आठवडे ठेवून घेतले. परत देताना दारातच म्हणाल्या, "एकनाथराव, फार बरं केलंत." डोळे सुजलेले होते, पण चेहरा हलका वाटला. हसल्या असतील, असे मी समजलो. छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक काम चांगले झाले, असे मला वाटत आले ते हेच.

एक जानेवारीला मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचायला सुरुवात केली. घरात टीव्हीचा आवाज, खाली पाण्याच्या टँकरवरून बायकांची भांडणे, आणि वीज रोज अकराला जायची. दिवसाला तीन-चार पाने होत. एक बाई होती, तिचा नवरा पोस्टात होता, तिला एक मुलगा होता. मला हसू येईना. वाटले, माझे वाचणे अडखळत आहे म्हणून गंमत कळत नसेल.

सदतिसाव्या पानावर मुलाला ताप आला. बेचाळिसाव्या पानावर तो गेला.

मी ते पान पुन्हा वाचले. अक्षर अक्षर जुळवून वाचले. मग सुजाताला हाक मारली आणि बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिलंय?"

तिने वाचले. "मुलगा वारला बाबा. आई त्याचं दप्तर कुशीत घेऊन रडते आहे. मोठ्यानं. शेजारचे जमा झाले तरी थांबत नाही."

"पुढे हसायचं काही आहे का, बघ."

तिने पुढची पाने चाळली. शेवटची चाळली. मग माझ्याकडे पाहिले. "नाही बाबा. काय झालं?"

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बरकतपुऱ्याला गेलो. त्यांचे यजमान भगवंतराव वारून चार वर्षे झाली होती. कुसुमताई एकट्याच होत्या. साखरेने डोळे गेलेले, समोर टीव्ही चालू.

"कोण?"

"एकनाथ, वाचनालयाचा."

"या, बसा. मी टीव्ही ऐकते हो, दिसत काही नाही. आज बटाट्याची भाजी कशी करायची ते सांगत होते. मला बटाटा बंद. डब्यात तिळगूळ आहे, तुम्हीच घ्या, मला तोही बंद." मग त्यांनी चाचपडत आवाज कमी केला. "तुमची आठवण रोज येते एकनाथराव. प्रशांत गेल्यावर भगवंतरावांनी फोटो काढून ठेवला. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. मी रडले की उठून जायचे. येणारे म्हणायचे, मन दुसरीकडे लावा. तुम्ही एकट्यानं ते पुस्तक आणून दिलंत. त्यातली ती आई रडायची तशी मी न्हाणीघरात पाणी सोडून रडले. तीन आठवडे. एका माणसाला माझं कळलं, एवढ्यावर मी सोळा वर्षं काढली."

मी गप्प बसलो असतो तर चालले असते. पण ते पान वाचल्यापासून मला झोप नव्हती.

"ताई, मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

"म्हणजे?"

"अक्षर येत नव्हतं. हसवणारं म्हणून दिलं मी ते. कोठीवर सायकल पडली, पुस्तकं बदलली. आता या महिन्यात वाचलं, तेव्हा कळलं."

टीव्हीवर कोणी तरी साबणाचे गाणे म्हणत होते. त्यांनी चाचपडून बटण दाबले.

"तुम्ही मला हसवायला निघाला होतात?"

"हौ, ताई."

"तेराव्यानंतर?"

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसत नव्हती.

"हे सांगायला नको होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ एवढंच होतं. जा तुम्ही आता."

मी तिळगुळाचा डबा बंद करून निघालो. घरी कोणाला काही सांगितले नाही. अनिलचे चालणे एव्हाना थांबले होते. जेवताना सीरियल पुन्हा सुरू झाली होती. मी पुस्तक ट्रंकेत ठेवून दिले. बेचाळीसच पाने वाचून झाली होती, पण पुढे जाववेना.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजाऱ्यांकडे फोन आला. सुजाता निरोप घेऊन आली. "बाबा, बरकतपुऱ्याच्या कुसुमताई. पुस्तक घेऊन या म्हणाल्या. एवढंच बोलल्या."

मी गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

"आणलंत?"

"आणलंय."

"आता येतं ना वाचता?"

"हळू येतं. बोट लावून."

"चालेल. बसा." त्यांनी पदर सावरला. "तेव्हा चुकून दिलंत. आता मुद्दाम वाचून दाखवा."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. जोडाक्षराला अडलो की त्या थांबत, शब्द सांगत नसत. दर रविवारी जात राहिलो. बेचाळिसावे पान आले तेव्हा मी पानावर बोट ठेवून थांबलो. त्या म्हणाल्या, "वाचा." मी वाचले. मग त्या प्रशांतविषयी बोलू लागल्या. तो गणितात कच्चा होता, वरणात लिंबू पिळल्याशिवाय जेवत नसे, कोणी रागावले की पलंगाखाली जाऊन बसे. त्यानंतर एखाद्या रविवारी अर्धे पान होई, एखाद्या रविवारी तेवढेही नाही. त्या बोलत आणि मी पानात बोट घालून ऐकत असे.

एकशे चौऱ्याण्णव पानांपैकी एकशे सत्तर पाने झाली होती. कुसुमताई १९९६ सालच्या एप्रिलमध्ये, नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी गेल्या.