दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर छोटंसं ख्रिस्ती प्रार्थनाघर आहे. त्याच्या पडवीत, दाराच्या अगदी बाहेर, माझी जागा. चिमण सुताराने एका मोडक्या चौकटीच्या लाकडातून मला घडवलं. मी नवा होतो तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "सागाचा आहे, नातवंडांना पुरेल."

दर रविवारी भिकी प्रार्थनेला यायची. नवरा लडक्या तिला सोबत घेऊन यायचा, पण आत जात नसे. तो गावदेव मानणारा, वाघोबाला नारळ फोडणारा. भिकी आत गायची आणि लडक्या माझ्यावर बसून तिची वाट बघायचा. यावरून त्यांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही.

प्रार्थना सुटली की बायका माझ्यावर दाटीने बसत आणि स्वर्गाच्या गप्पा सुरू होत. संगीताला तिथे दारातच नळ हवा होता, बारा महिने पाण्याचा. सुषमाची खात्री होती, की वीटभट्टीचा मुकादम काही तिथवर पोचणार नाही. भिकीची दोन लेकरं लहानपणीच तापाने गेली होती. ती म्हणायची, "आता मोठी झाली असतील. थोरला झाडावर चढत असेल. मी गेले की पहिलं त्याला खाली उतरवणार." उद्या चारोटीच्या बाजाराला जायचं असावं, इतक्या सहज ती हे सांगायची.

एका रविवारी लडक्याने हळूच विचारलं, "पोरं मला ओळखतील का? मी तर बाहेर बसणारा."

प्रार्थना चालवणारे जीवनभाऊ दारात उभे होते. बराच विचार करून ते म्हणाले, "ते देवाच्या हातात आहे, लडक्या. मला सांगता येणार नाही."

"मला येईल," भिकी म्हणाली. "देवाने मला इथवर कधी एकटीला पाठवलं नाही. तिथे कशाला एकटीला ठेवील?"

त्या दिवशी घरी जाताना लडक्या तिच्या पुढे न चालता तिच्या बरोबरीने चालला.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला मागच्या कुडाशी टाकलं. वाळवी लागली. नाताळच्या स्वयंपाकाला सरपण म्हणून मला फोडायचंही ठरलं होतं.

त्याआधीच, भाद्रपदात, भिकी प्रार्थनेत छाती धरून खाली बसली. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती आणि पाड्यापासून तिथवर नुसता चिखल. खुर्चीवर तिला नेता येईना. लडक्याने मला ओढून काढलं, वर गोधडी अंथरली. चौघांनी मला खांद्यावर घेतलं. ओहोळात कमरेएवढं पाणी होतं, पण मी मोडलो नाही.

भिकी आडवी पडून म्हणाली, "स्वर्गात सोन्याचे रस्ते आहेत म्हणतात. इथे डांबराचा झाला तरी पुष्कळ." उचलणारे त्या चिखलातही हसले.

डहाणूच्या दवाखान्यात ती चार दिवस होती. पाचव्या दिवशी गेली.

मला रस्त्यावरून परत आणून पुन्हा दाराबाहेर ठेवलं होतं. पुढच्या रविवारी लडक्या एकटाच आला आणि माझ्यावर बसला. जीवनभाऊंनी त्याचा हात धरून त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "नको. माझी जागा इथे आहे." मग त्याने संगीताला भिकीचं शेवटचं बोलणं सांगितलं. "म्हणाली, पोरांना तुझी ओळख मी करून देते. तू घाई करू नको. भात कापून ये."

हे सांगताना तो रडला, पण त्याच्या आवाजात शंका नव्हती. जीवनभाऊ त्या दिवशी आत न जाता माझ्यावर, लडक्याच्या शेजारी बसले आणि तिथूनच त्यांनी प्रार्थना सुरू केली. आतल्या लोकांनी खुर्च्या दाराकडे वळवल्या.

मित्रांनो, मला आता कोणी फोडणार नाही. लडक्याने माझी वाळवी खरवडून काढली आहे. स्वर्गात माझ्यासारख्याला जागा आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तुमच्याही देवाच्या दाराबाहेर कोणीतरी आपल्या माणसासाठी बसलेलं असेल. त्याला बसायला काहीतरी चांगलं ठेवा, आणि वर्षातून एकदा त्या लाकडाला तेलाचा हात द्या.