दाब, धर, सोड

लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं मी आमच्या यजमानांच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसत आले आहे. चालवायला नव्हे, गाडी मला येतच नाही. पण ब्रेकच्या तेलातली हवा काढायची असली की आत बसून पॅडल दाबायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी मी. हे बाहेर चाकापाशी उकिडवे बसून हुकूम सोडतात: दाब, धर, सोड. चारही चाकं झाली की आमच्या दक्षिणेकडच्या घरातल्या जुन्या मराठीत एकदाच विचारतात, "कसें आहे?" पॅडलबद्दल माझा पाय जे सांगेल ते अखेरचं. सीतारामराव पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, पण या एका बाबतीत त्यांनी माझ्यावर कधी शंका घेतली नाही. स्वयंपाकाबाबत मात्र रोज घेतात.

गाडी बावीस वर्षांची. गेल्या महिन्यात तिरुवैयारूच्या पुलापाशी समोर एक मोपेडवाला आडवा आला आणि आमची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. त्या दिवसापासून यांनी ध्यास घेतला. त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे पुढचे ब्रेक आपल्या गाडीला बसवायचे. भंगारवाल्याकडून एका पोत्यात सगळं आलं आणि आमचं अंगण तेलकट झालं. दारात रोज रांगोळीचं कोलम काढायचं माझं बंद पडलं. लेकीकडे टॅक्सीने जाऊ म्हटलं तर हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

घाई होती ती हरिप्रियेसाठी. आमची लेक पापनाशमला दिलेली. दोनदा हाती येऊन गेलेलं, ते तिसऱ्या खेपेला टिकलं होतं. सातव्या महिन्यात शुक्रवारी तिचा वळैकाप्पु ठरला होता. दोन्ही हात भरून बांगड्या घालायच्या आणि मग बापाने लेकीला बाळंतपणाला घरी आणायचं. बापाने म्हणजे बापाच्या गाडीतून, असं यांनी स्वतःच त्यात जोडलं होतं.

ब्रेकची रबरी नळी गुरुवारी उशिरा मिळाली, म्हणून शेवटचं काम शुक्रवारी पहाटे उरलं. मी नेसलेल्या कांजीवरमावर जुनी चादर गुंडाळून आत बसले. दाब, धर, सोड. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. हवा काढायची ती बारकी तोटी एरवी वरच्या बाजूला असायची. या वेळी पुढच्या दोन्ही चाकांना ती खाली होती. मोठ्या मॉडेलचं तसंच असेल, असं मी मनाला सांगितलं. पण पायाला कसं समजावणार? पहिल्या दाबाला पॅडल भसकन खोल जायचं, दुसऱ्याला वर यायचं, तिसऱ्याला घट्ट लागायचं. हे लक्षण मला वीस वर्षं ठाऊक होतं. आत हवा उरली होती.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी नारळ आणला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली आणि कापूर पेटला. यांनी हात पुसत खिडकीतून विचारलं, "कसें आहे?"

कापूर जळत होता. दोनदा रिकाम्या हाताने परतलेल्या लेकीला आणायला आम्ही निघालो होतो. निघताना तोंडातून वाईट शब्द काढू नये, असं आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. आमच्या घरात निघणाऱ्याला ‘कुठे’ असंही कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "बरें आहे."

लिंबं चिरडली, गाडी फाटकापाशी थांबली आणि सगळ्यांनी हात जोडले.

पापनाशमपर्यंत रस्ता सकाळचा मोकळा होता. मी शेजारी बसून यांच्या पायाकडे पाहत होते. अय्यमपेट्टैच्या वळणावर एक बैल मध्येच उभा होता. यांनी लांबूनच पॅडल तीनदा भराभर दाबलं आणि मग गाडी थांबली. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तीनदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी कावेरीच्या कालव्याकडे पाहत राहिले. मला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती, पण तोंड उघडेना.

समारंभ छान झाला. हरिप्रियेचे हात कोपरापर्यंत हिरव्या-तांबड्या बांगड्यांनी भरले. साडेदहाला राहुकाळ लागला, म्हणून बारापर्यंत निघायचं नव्हतं. सगळे चित्रान्न खात बसले. फळांची टोपली आणते म्हणून मी बाहेर गाडीपाशी गेले, ड्रायव्हरच्या जागी बसले आणि पॅडल एकदाच दाबलं. पाय जवळजवळ तळाला टेकला. मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर यांनी लेकीसाठी दोन उशा आणि एक तक्क्या मांडून ठेवला होता.

बारा वाजले. हरिप्रिया पोटावर हात ठेवून पायऱ्या उतरली. तिची सासू वसुमती आरतीचं तबक घेऊन पुढे आली. सगळं गणगोत ओट्यावर उभं होतं. यांनी मागचं दार उघडून धरलं.

मी दाराच्या आणि लेकीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "हरि या गाडींत बसायची नाहीं. हिचे ब्रेक लागत नाहींत."

वसुमतीने तबक हळूच खाली घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की धास्ती, ते मला पाहवलं नाही. हरिप्रियेने माझा दंड घट्ट धरला. तिच्या बांगड्या मला टोचत होत्या.

हे ओरडतील, चार माणसांत अपमान केला म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अय्यमपेट्टैपासून मज ठाऊक आहे."

मला एकदम संताप आला. "मग बोललांत कां नाहीं? तिला बसवायला दार उघडलेंत कसें?"

"मीं तुजला विचारलें होतें," ते म्हणाले. "तूं बरें आहे म्हणालीस. मज वाटलें, माझाच पाय म्हातारा झाला."



जावई गणेशकुमार समजूतदार निघाला. त्याने स्वतःची गाडी काढली, वसुमतीने कापूर नव्याने लावला, आणि हरिप्रिया सासूला शेजारी घेऊन आमच्या घरी निघाली. उशा मी माझ्या हाताने त्या गाडीत ठेवल्या. लेकीने मला बस म्हटलं. मी नाही बसले.

गल्ली रिकामी झाल्यावर यांनी रेशमी अंगवस्त्र काढून ओट्यावर ठेवलं आणि जॅक लावला. पुढची दोन्ही चाकं निघाली. हे बराच वेळ बघत राहिले, मग कपाळाला हात लावला. पोत्यात दोन्ही बाजूंचे भाग एकत्र आले होते. यांनी डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला होता. म्हणून तोटी खाली आली, आणि हवा वर अडकून राहिली. "तीस वर्षें मुलांस हेंच शिकवलें," एवढंच ते म्हणाले. तोट्या खाली असल्याचं मी पहाटेच पाहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाना उचलला.

ऊन उतरेपर्यंत अदलाबदल झाली. मी चादर न गुंडाळताच आत बसले. साडीचं आता काय जपायचं होतं? दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. डिकीतल्या तेलाच्या दोन बाटल्या संपल्या. चौथं चाक झालं तेव्हा ते उठून खिडकीशी आले. हात काळे झालेले, कपाळावर गंध फिसकटलेलं.

"कसें आहे?"

मी पाय उचलला आणि एकदाच दाबलं. सकाळपेक्षा पुष्कळच घट्ट होतं. गावातल्या गावात चाललं असतं, आणि माणूस पार दमला होता.

"अजून खोल जातें," मी म्हटलं.

ते पुन्हा चाकापाशी जाऊन बसले.

"दाब," ते म्हणाले.